सोळा किलो आठशे ग्रॅम

पत्र

बाई, नमस्कार.

मी राळेगाव तालुक्यातली. नाव छापू नका. वय ३४. घरी पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आन तूर. पोरगी आठवीत, पोरगा पाचवीत. आमच्या अकरा बायकांच्या बचत गटाची मी सचिव हाय, शेकडा दोनच्या व्याजाचं सारं रजिस्टर माह्याच हाती असते.

माही शाळा नववीपर्यंत झाली. दहावीत दोन महिने गेली. गणिताच्या मास्तरनं एक दिवस फळ्यापाशी उभं केलं. गणित सुटलं नाही, तं साऱ्या वर्गासमोर म्हणाले, तुह्या डोक्यात भुसा हाय, तू भाकरीच थाप. मी दप्तर घेऊन घरी आली ते आलीच. बाप म्हणे, मंग कायले पाठवाचं? अन् स्थळं पाहाले लागला.

आता पोरगी म्हणते, आई, सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावी दे. तवापासून डोक्यात तेच घुमून राह्यलं. नोकरीसाठी नाही बाई, मले कोण नोकरी देते! पण कुठंबी कागद भरा, 'शिक्षण' लिहाची जागा आली का हात अडखळते. घरच्यायले विचारलं तं हासले. आता कलेक्टर होतं काय, म्हणे. जेठ म्हणते, घरची बाई पोराटोरायत शाळेत बसन तं गावात इज्जत राहीन काय. सासूबाई काहीच बोलत नाही. पण खरं सांगू? लोकायचं सोडा, मलेच वाटते का हे आपल्यासारख्याचं काम नाही. माहेरी-सासरी कोणी बाई दहावी झाली नाही. गणित तं माह्या डोक्यात शिरतच नाही. मन मजबूत कसं करावं, ते सांगा.

ता. क. मागच्या वेळी तुम्ही कापसाच्या मापाबद्दल लिहिलं, ते सोळा आणे खरं हाय. आमच्याकडं खेडा खरेदीवाला क्विंटलमागं दोन किलो कट लावते. यंदा पहिल्या खेपेले ८ क्विंटल ४० किलो भरला. म्हणजे १६ किलो ८०० ग्रॅम फुकट गेला. ७,००० चा भाव होता, १,१७६ रुपये बुडाले. गाडी फाट्यावर जाईपर्यंत मी मनातच हिशेब लावला न घरच्यायले सांगितला. राहू दे म्हणे.

– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर

तू माझ्या धाकट्या लेकीहून लहान आहेस, म्हणून एकेरीच लिहिते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचलं ते ताजा कलमामुळं.

पहिल्या पानावर तू लिहितेस, गणित डोक्यात शिरत नाही. पान उलटलं की हिंदकळत्या गाडीत, कागद-पेन्सिलीवाचून, ८ क्विंटल ४० किलोवरची कट काढतेस आणि वर तिची किंमतही. मी खात्री करायला मोबाईल घेतला, आकडे दाबले. १,१७६. रुपयाचाही फरक नाही. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली मी यंत्र शोधते आणि डोक्यात भुसा असलेली तू फाटा यायच्या आत हिशेब संपवतेस. आता भुसा कुठं आहे ते तूच ठरव.

हिशेब कसा केला असशील याचाही अंदाज बांधला. शंभराला दोन, तर आठशेला सोळा. वरच्या चाळीस किलोचे आठशे ग्रॅम. सात हजारांचा भाव म्हणजे किलोला सत्तर. सोळ सत्ते बारोदरसे, म्हणून अकराशे वीस. राहिले आठशे ग्रॅम, त्यांचे छप्पन्न. यात शेकडेवारी आली, त्रैराशिक आलं, दशांश अपूर्णांक आला. पुस्तकात हे तीन वेगळे धडे असतात आणि तिन्ही वेळा पोरं वेगवेगळी रडतात.

तुझ्यासारखाच एक पोरगा ब्राझीलमधल्या रेसिफे नावाच्या शहरात होता. तिथल्या संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला, तो १९८५ साली छापून आला. ही मंडळी गिऱ्हाईक होऊन मुलांकडं गेली. बारा वर्षांच्या एका पोराकडं नारळ होते, एकाची किंमत ३५. चार नारळांचे किती? पोरगा म्हणाला, तिनांचे १०५, त्यात तीस घातले की १३५, आणि वरचे पाच, १४०. चोख. नंतर त्याच पोराला कागदावर ३५ गुणिले ४ असं गणित दिलं. चार पंचे वीस, हातचे दोन. ते दोन त्यानं आधीच तिनात मिळवले, पाच केले, पाच चोक वीस म्हणाला आणि उत्तर लिहिलं २००. पोरगा तोच आणि आकडेही तेच. या मुलांची बाजारातली शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर आली होती. कागदावर नुसती आकडेमोड दिली तेव्हा सदतीसच्या आसपास.

त्या पोराला फळ्यापाशी उभं केलं असतं तर मास्तर काय म्हणाला असता, ते तुला सांगायला नको.

पण इथंच थांबले तर मी तुला फसवल्यासारखं होईल. 'तुला गणित येतंच, फक्त स्वतःवर विश्वास ठेव' असं म्हणणं सोपं आहे, लोकांना आवडतंही. ते अर्धंच खरं आहे. आपल्याकडं कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या हजाराहून जास्त मुलांचा असाच अभ्यास झाला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथंही हेच दिसलं. मुलं तोंडी मोठमोठे हिशेब झटक्यात करतात, पण पुस्तकातल्यासारखं मांडून दिलेलं गणित त्यांना सुटत नाही. गंमत म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलांचं उलटं झालं, त्यांना बाजारातला हिशेब जड गेला. म्हणजे एका काठावर पोहता येणारा माणूस आपोआप दुसऱ्या काठावर पोचत नाही. मध्ये पूल बांधावा लागतो, आणि तो बांधायला वेळ लागतो. तुझ्या डोक्यात हिशेब आहे, तो कागदावर कसा मांडतात ते शिकायचं राहून गेलंय. ते शिकवणं त्या मास्तरचं काम होतं.

मास्तरला शिव्या देऊन मी मोकळी होणार होते, पण मला माझाच एक पोरगा आठवला. चौथीत होता, भागाकारात अडकायचा. शाळेची तपासणी होती, साहेब येणार होते. मी त्याला मागच्या रांगेत बसवलं आणि म्हटलं, तू हात वर करू नको, तुला जमायचं नाही. माझ्या मनात त्या दिवशी फक्त साहेब होते. पंचवीस वर्षांनी आमच्या विहिरीवरची मोटार जळाली म्हणून तालुक्याच्या एस. टी. स्टँडजवळ एका दुकानात घेऊन गेले. दुकान त्याचंच निघालं. आधी पाया पडला, मग मोटार उघडून बसला. कोणत्या गेजची तार, किती खाचे, एका खाच्यात किती वेढे, तार किलोनं किती लागेल, पैसे किती, सगळं तोंडावर. मी कौतुकानं म्हटलं, अरे, केवढं गणित येतं तुला! तो हसून म्हणाला, "नाही बाई, गणित मले कवाच आलं नाही. तुम्हाले तं माहीत हाय."

तो रागानं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला ते पटलेलं होतं.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात बसली आहे. असं काही कुणी एकदा बोलून गेलं की त्या वाक्याची राखण पुढं आपण स्वतःच करतो, जागलीवर बसल्यासारखी. जे जमतं त्याला 'हिशेब' म्हणायचं, जे जमत नाही तेवढ्यालाच 'गणित' म्हणायचं. मग गणित जन्मभर न जमणारच! तू गटाचं रजिस्टर लिहितेस, अकरा बायकांची बचत, कर्ज, शेकडा दोननं व्याज, थकलेले हप्ते. त्यातली एक ओळ तरी तू आजवर 'गणित' या खात्यात जमा केलीस का?

आता तुझा प्रश्न, मन मजबूत कसं करावं. मला वाटतं तू गाडी पुढं आणि बैल मागं जुंपते आहेस. मन आधी मजबूत होऊन मग माणूस कामाला लागतो, असं मी फार क्वचित पाहिलं. यावर एक जुना प्रयोग आहे. मला तो आवडत नाही, कारण मुक्या जनावरांचे हाल करून केलेला आहे, पण त्यातून निघालेली गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९६७ च्या सुमारास अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोघांनी काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, असे की कुत्र्यानं काहीही केलं तरी ते थांबू नयेत. नंतर त्यांना अशा जागी ठेवलं जिथं मध्ये एक बुटका आडोसा होता. तो ओलांडला की झटका संपायचा. बहुतेक कुत्री उठलीच नाहीत. तिथंच पडून कण्हत राहिली. आडोसा बुटका आहे, पलीकडं सुटका आहे, तरी उठत नाहीत. पलीकडून हाक मारून पाहिली, खायला टाकून पाहिलं, उपयोग नाही. शेवटी गळ्याला दोरी बांधून अक्षरशः ओढत पलीकडं नेलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग मात्र ती आपली आपण उडी मारायला लागली.

कित्येक वर्षं सगळे म्हणत राहिले की ही कुत्री हताश व्हायला शिकली. मग २०१६ साली याच दोघांनी लिहिलं की आपण तेव्हा उलटं वाचलं होतं. संकट लांबलं की अंग टाकून देणं हा जिवाचा मूळचाच स्वभाव आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावं लागतं ते दुसरंच: माझ्या हातानं काहीतरी बदलतं, हे. मेंदूला ते अनुभवानंच कळतं, सांगून कळत नाही.

मला हे वाचून फार हायसं वाटलं होतं. आपल्या भागात लागोपाठ तीन हंगाम बुडालेल्या माणसाला लोक आळशी म्हणतात, हिंमत नाही म्हणतात. हिंमत संपलेली नसते गं, पाऊस, भाव आणि बोंडअळी यांतलं काहीच त्याच्या हातात नाही हे त्यानं इतक्यांदा पाहिलेलं असतं की हाताशी असलेली गोष्टसुद्धा त्याला लांबची वाटते. तुझा नवरा 'राहू दे' म्हणाला ना, ते त्यातूनच आलं असावं.

तेव्हा मी तुला 'हिंमत धर' म्हणणार नाही, कारण आडोशापलीकडून मारलेल्या हाकेचा उपयोग होत नाही. तुला दोरी लागेल, आणि ती तुझ्या घरातच आहे, आठवीत शिकते.

'आपल्यासारख्याचं काम नाही' याबद्दलही थोडं. तुझ्या गावात आशाताई आहे. बाळंतिणीच्या घरी ती बेचाळीस दिवसांपर्यंत फेऱ्या मारते, बाळाचं वजन करते, ताप पाहते. आज हे तुला साधं वाटतं, पण गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्या 'सर्च' या संस्थेमधून हे काम सुरू केलं तेव्हा नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर तो दवाखान्याचा, मोठ्या डॉक्टरचा विषय होता. खेड्यातल्या, तेही पाचवी ते दहावी शिकलेल्या बाईनं बाळाला घरात इंजेक्शन द्यावं, हे कुणाला पटणार? त्यांनी ३९ गावांत बायकांनाच आरोग्यदूत म्हणून तयार केलं. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांशी ताडून पाहता ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, आणि पुढं देशभरच्या आशांच्या कामात ते शिरलं.

मला त्यांच्या कामातली जास्त आवडते ती आणखी एक बारकी गोष्ट. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटाला श्वास मोजावे लागतात. निरक्षर दायांना तेवढं मोजता यायचं नाही. मग दायांना घरी बसवलं नाही, त्यांच्यासाठी मण्यांचं एक साधन केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वेळ संपली की मणी पाहायचे. दहापर्यंत मोजता येतं ना, मग झालं. तुझ्या मास्तरकडं असा एक मणी असता तर!

एवढं सांगून दुसरी बाजू झाकली तर तू म्हणशील, बाईंचं सगळं गोड गोड. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तुला ऐकून माहीत असतील. तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांना 'पटेल ३' धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, दरवर्षी निवड करत गेले, आणि त्यातून जे वाण निघालं ते घड्याळाच्या नावावरून 'एचएमटी' म्हणून कुठल्या कुठं पसरलं. पुढंही त्यांनी आणखी वाणं काढली. २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. धानाचं वाण काढणं तिसरी शिकलेल्या माणसाचं काम नाही, ही समजूत त्यांनी आपल्या बांधीत पुरली. पण त्या तांदळावर लोकांनी जो पैसा केला, तो त्यांच्या घरी आला नाही. २०१८ मध्ये ते गेले ते हलाखीतच. म्हणजे एक भिंत मनातली होती, ती पडली. दुसरी हक्काची आणि बाजाराची होती, ती खरीखुरी होती, नुसत्या जिद्दीनं पडणारी नव्हती.

म्हणून तुझ्या पत्रातल्या भिंती मी जरा ठोकून पाहिल्या. भुशाची भिंत पोकळ आहे, तुझ्याच ताजा कलमानं ती पाडली. खानदानात कोणी बाई दहावी झाली नाही, ही भिंत नव्हेच. ती फक्त मागची मोजदाद आहे, तिचा पुढं अडथळा होण्याचं काही कारण नाही. जेठांचं म्हणणं गैरसमजावर उभं आहे. सतरा नंबरवाल्याला रोज शाळेत पोराटोरांत बसावं लागत नाही. फॉर्म भरल्यावर जी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळेल तिथं कामापुरतं जायचं, बाकी अभ्यास घरी आणि परीक्षा केंद्रावर. हे त्यांना एकदा सांग. दुसऱ्यांदा सांगू नको. इज्जतीवर वाद घातला की पुरुषमाणसं अडून बसतात.

नवऱ्याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. 'कलेक्टर होतं काय' हा नकार नाही, गावची थट्टा आहे. त्यांना तेवढं विचार, कागदावर पायरी-पायरीनं मांडलेला हिशेब खरेदीवाल्याच्या पुढं ठेवला असता तर 'राहू दे' म्हणावं लागलं असतं का? आणि सासूबाईंचं गप्प राहणं विरोधातच धरू नको. जुन्या बायका काय मोजत आल्यात याचा आपल्याला पत्ता नसतो. त्यांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, येतात का विचारून बघ. आमच्या सासूबाई अक्षरशत्रू होत्या आणि अडीचकी घडाघडा म्हणायच्या, मला त्यांच्यापुढं लाज वाटायची.

खऱ्या भिंती दोनच आहेत, वेळ आणि इंग्रजी.

वेळेचं असं की बोर्डाच्या फॉर्मच्या तारखा साधारण पावसाळ्यात जाहीर होतात, नेमक्या निंदण-फवारणीच्या धांदलीत. त्या हुकल्या की वर्ष गेलं. तेव्हा कागद आत्ताच काढून ठेव. जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो. दाखल्यावरचं नाव माहेरचं आणि आधारवरचं सासरचं, इथं हमखास अडकतं. त्याला काय जोडायचं ते शाळेच्या क्लार्कला आधीच विचारून ठेव. अट किमान पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण अशी आहे, वरच्या वयाला आडकाठी नाही. फॉर्म ऑनलाइन भरतात, पोरगी भरून देईल. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोवर तुझ्या कापसाची उलंगवाडी, शेवटची वेचणी, होत आलेली असते. एखादा विषय राहिला तर जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते. पोरगी दहावीला येईल त्याच वर्षी दोघींनी बसायचं, असा विचार मनात आला असेल तर मला तो पसंत नाही. ऐकायला छान वाटतं, पण निकालाच्या दिवशी अख्खा गाव दोघींचे गुण शेजारी शेजारी ठेवील. तू आधी बस.

इंग्रजी मात्र गणितापेक्षा जड जाईल, हे आत्ताच सांगते. तिथं तुझ्या डोक्यात आधीपासून काही साठलेलं नाही, खरोखर पाटी कोरी आहे. रोज अर्धा तास, पोरीच्या सहावी-सातवीच्या पुस्तकांपासून सुरुवात. पस्तीस गुण लागतात, पंच्याण्णव नव्हेत.

गणिताला सध्या दोन पेपर असतात, बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे. बीजगणिताचं पुस्तक उघडलंस तर पहिलाच धडा दिसेल 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. नाव वाचून पुस्तक मिटू नकोस. तोच धडा मी तुला तुझ्या वावरात सांगते. सोमवारी तुमच्या वेचणीची दोन मोठी आणि तीन लहान गाठोडी झाली, वजन भरलं ९५ किलो. मंगळवारी दोन मोठी आणि एक लहान, भरलं ६५ किलो. मोठी सगळी सारख्या वजनाची, लहानही सारखीच. तर मोठं गाठोडं किती किलोचं आणि लहान किती? तू हे चुलीपाशी बसून, भाकर उलटवता उलटवता सोडवशील. पुस्तक मोठ्या गाठोड्याला x म्हणतं, लहानाला y म्हणतं, बाकी काही करत नाही. याच पुस्तकात अर्थनियोजनाचा धडा आहे, त्यात जीएसटी आहे. खताच्या पोत्याचं बिल घेऊन बस. अंकगणिती श्रेढी म्हणजे सारख्या फरकानं वाढत जाणारे आकडे, तिला गटाचं रजिस्टर घे. आणि शेकडा दोननं महिन्याला म्हणजे द. सा. द. शे. चोवीस, हे रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. अकराही बायकांना ते कळलेलं बरं.

आजपासून दिवसातला एकच हिशेब, जो तू मनात करतेस तोच, वहीत पायऱ्या लिहून मांडायचा. मजुरी असो, दुधाचं असो, किराण्याचं असो. उत्तर तुला आधीच माहीत असणार, त्यामुळं भीती नाही. फक्त मनानं कोणत्या वाटेनं गेलीस ते कागदावर उतरवायचं. रात्री पोरीला तपासायला दे. पंधरा दिवस हे केल्याशिवाय पुस्तकाला हात लावू नको. आणि पोरीसमोर 'माह्या डोक्यात गणित शिरत नाही' हे वाक्य आजपासून बंद. तीही आठवीत आहे, उद्या एखादं गणित अडलं की ती तुझंच वाक्य उचलेल, आईकडून आलेलं म्हणून जपूनही ठेवील.

तुझ्या पत्रावर, १,१७६ च्या शेजारी, मी लाल पेनानं बरोबरची खूण करून ठेवली आहे. हाताची सवय जात नाही. गाठोड्यांचं उत्तर पोस्टानं पाठव, पायऱ्या मांडून. नुसतं उत्तर आलं तर अर्धेच गुण देईन.